लांबून घेतलेलं माप

"आडनाव?" टेलरमास्तरनं विचारलं.

मी सांगितलं. छातीपर्यंत आलेली टेप तिथंच थांबली. तो मागं सरकला, मला खालीवर पाहिलं आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, "मिडियम. पुढचा."

माझ्या आधीच्याला टेप लागली होती. नंतरच्यालाही लागली. मी बघत होतो.

एकलहऱ्याच्या बौद्ध वस्तीतला मी. वडील पॉवर स्टेशनात कंत्राटावर, राखेच्या कामाला. फौजेत भरती झालो, ट्रेनिंगही नाशिकातच मिळालं. मास्तर बाहेरचा, ठेकेदाराचा माणूस. तरी बोललो नाही. तोंड उघडलं की घरी पाठवतील, एवढंच डोक्यात.

वर्दी आली. बटणं लागली, पण हात वर जाईना. परेडला रोज शिवण जपत हात हलवायचो. श्वास धरून चालायचो. एकदा सॅल्यूटला हात उचलला आणि काखेत शिवण टरकन उसवली.

"वर्दी फाड दी? बाप का माल है?" ट्रेनिंग देणारे उस्ताद ओरडले.

मैदानभर कोलांट्या मारायला लावल्या. तोंडात माती. पोरं हसली. हसण्याचं काही वाटलं नाही. आता नाव कापतील, या भीतीनं चड्डीत होतंय की काय असं झालं.

घाईत मापलेल्या इतर पोरांचेही कपडे चुकले होते. सुभेदारसाहेबांनी हुकूम काढला: सगळ्यांचं माप पुन्हा घ्या. हात वर करून, खाली बसून बघा, मगच वर्दी द्या.

मास्तर परत आला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "याला लार्ज."

  मी दोन्ही हात पसरले.

"टेप लावा."

"अरे, नजरेत माप आहे माझ्या."

"बाकीच्यांना टेप. मला नजर का?"

त्यानं टेप माझ्याकडे फेकली. "घे तुझं तू."

मी उचलली नाही. मातीत पडू दिली. हात पसरलेलेच. खांदे थरथरायला लागले. सुभेदारसाहेब जवळ आले. वाटलं, संपलं.

"मास्टर, उठाओ. नापो."

मास्तर वाकला. त्यानं मापलं. बोटं मला लागू नयेत म्हणून टेप टोकाशी धरली होती. मला ते कळलं. मला कळलंय, हे त्यालाही कळलं.

वर्दी नीट बसली. भीती गेली नाही. वरच्याचा आवाज चढला की अजून पोट आत ओढलं जातं. पण माझ्या अंगाचा अंदाज आता कुणी लांबून घ्यायचा नाही. पुढच्या तुकडीच्या मापाला मी ड्यूटी मागून घेतलीय. एकाजरी पोराचं आडनाव ऐकून टेप थांबली, तर मी बोलणार. थरथरत का होईना, सगळ्यांसमोर बोलणार.