टाचेवरचा फोड

देवीच्या वाटेवर मी एकदा देवीच्या नावानं बोलले. ते बोलायला तिनं मला सांगितलं होतं का, हा प्रश्न तीन वर्षं झाली मनातून जात नाही. अनुभव म्हणून लोक स्वप्नं सांगतात, दिवा आपोआप लागला म्हणतात. मला तसलं काही झालं नाही. मला झाला तो एक फोड, उजव्या टाचेवर, करवंदाएवढा.

कोजागिरीच्या पुनवेला सोलापुरातून माणसं तुळजापूरला चालत जातात. मी आणि माझी धाकटी जाऊ इंदू बारा वर्षं बरोबर गेलो. नवरे गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात राहतो. इंदू लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. भाकरी थापायची कशी, मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या कशा, सगळं मीच शिकवलं. ती मला अक्का म्हणते. तेव्हापासून सांगायची सवय मला लागली आणि ऐकायची तिला. दोघींचीही सुटली नाही.

इंदूला शुगर होऊन आठ वर्षं झाली होती. त्या वर्षी यात्रेच्या दोन महिने आधी तिची लेक सुमन पुण्याहून आली, ती आईला बूट घ्यायचे म्हणूनच. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना अनवाणी पाऊल टाकू देऊ नका. मीही दुकानात बरोबर गेले, नावं ठेवायला. सुमननं मुद्दाम संध्याकाळ धरली होती. दिवसभरानं पाय सुजतात, तेव्हा जो बूट बसेल तोच वाटेवर बसतो, असं तिचं म्हणणं. मोजे घालून बूट चढवायला लावला. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा सुटते का बघितलं, टाच वर-खाली सरकते का बघितलं, आत हात घालून शिवण चाचपली. दुकानदारानं काढलेले चार जोड परत केले आणि पाचवा घेतला, राखी रंगाचा, रुंद तोंडाचा. देखणा अजिबात नव्हता. मग जाताना आईला सांगून गेली, रोज सकाळी घालून चालायचं. आधी बोळाच्या टोकापर्यंत, मग गावातल्या तळ्यापर्यंत, मग तळ्याला फेरी. मोजे सुती आणि कोरडे. बूट पायाच्या ओळखीचा झाला पाहिजे.

"मोठी आई, तुम्हालाही घेऊ का एक जोड?" तिनं दुकानातच मला विचारलं होतं.

"मला काय पोलीस भरतीला जायचंय?" मी म्हणाले.

इंदू दीड महिना इमानानं चालली. मी काय केलं? दसऱ्याला नवं काहीतरी घालायचं म्हणून कडक पट्ट्याची चप्पल आणली आणि तीच घालून गल्लीभर सोनं वाटत फिरले. चपलेनं टाच चावली. घरी येऊन बघते तर पाण्यानं भरलेला फोड. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर सुमनचं खरं ठरलं असतं. यात्रा अनवाणीच करायची होती, चपलेचा प्रश्न नव्हता. पाच दिवसांत बसेल म्हटलं. बसला नाही.

निघायच्या दिवशी उजाडता रूपाभवानीचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. इंदू पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "इंदे, आईच्या भेटीला चाललीस का शर्यतीला? मी सत्तरीची अनवाणी आणि तू माझ्या मागनं आलेली, बूट घालून?" बायका हसल्या. एक शेजारीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की अक्का. शुगर हाय तिला."

"शुगर देवीनंच दिली. तीच बघंल," मी म्हणाले.

हेच ते बोलणं. इंदूनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग नाड्या सोडल्या, बूट पिशवीत घातले आणि उठली. मला त्या वेळी बरं वाटलं. बाकी काही लपवलं तरी चालेल, पण एवढं लिहिलं पाहिजे. मला बरं वाटलं.

आश्विनातलं ऊन कोवळं नसतं. हिप्परग्याचं तळं मागं पडेपर्यंत डांबर तव्यासारखं तापलं. माझी टाच जळत होती. एरवी मी पुढं आणि इंदू मागं असा आमचा क्रम, त्या दिवशी ती पुढं आणि मी मागं. ती ताठ चालत होती, मध्येच मागं वळून "उदे गं अंबे" म्हणत होती. मी मनात म्हटलं, बघा, देवीनं हिला उचलून धरलंय. माझं खरं झालं.

तामलवाडीच्या अलीकडं लिंबाखाली एक बाई घमेल्यात पाणी घेऊन बसली होती. चालणाऱ्या बायकांचे पाय धुऊन तेल लावत होती. त्या रस्त्यावर अशी सेवा पुष्कळ जण करतात. बारा वर्षांत मी कधी कुणापुढं पाय केला नव्हता. पण आता टाच टेकवेना. मी मटकन खाली बसले. इंदू परत फिरून आली.

बाईनं माझा पाय मांडीवर घेतला. "चप्पल चावली व्हय? नवी?"

मी मान हलवली.

"घरात घालून मऊ करायची असती की अव्वा. नव्या चपलेला आन् नव्या सुनंला पैल्याच दिवशी लांब चालवू न्हाई." तिनं फोड फोडला नाही. धुतला, कोरडा केला, वर स्वच्छ फडक्याची घडी बांधली. मग इंदूला म्हणाली, "तू बी आण पाय."

"मला काय झालं न्हाई."

"मी इचारलं का काय झालं? आण."

तिनं इंदूचा तळवा वर केला आणि उजेडाकडं वळवला. मी वाकून बघितलं. बोटांखालची सगळी कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून आली होती आणि मधोमध बाभळीचा काटा मोडला होता. इंदू तांब्यातलं पाणी पीत होती.

"हे दुखत न्हाई तुला?"

"न्हाई की. काय हाय?"

"शुगर किती वर्सांची?"

"आठ."

बाईनं आपलं लुगडं जरा वर घेतलं. तिचा डावा पाय गुडघ्याखाली रबराचा होता. "माझंबी दुखलं न्हवतं," ती म्हणाली. "मंद्रूपच्या बाजारातनं घरी आले, चपलेत खिळा घुसलेला. चार दिवस त्या खिळ्यावर चालले. दुखलं असतं तर पाय असता." मग तिची नजर आमच्या पिशवीकडं गेली. नाडी बाहेर लोंबत होती. "बूट हायती की. का देवीला न्यायला घेतलेत? अनवाणी चालायला कुणी सांगितलं तुला?"

"माझाच नवस हाय," इंदू म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिचा नवस नव्हता. कसलाच नवस नव्हता. मी तिथंच हातभर अंतरावर बसले होते. गल्लीत कुणाचं ऐकून न घेणारं माझं तोंड, त्यातून एक शब्द निघाला नाही.

बाईनंच केळी वाटून परत चाललेली जीप हात करून थांबवली आणि आम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात धाडलं. त्या वर्षी आमचं दर्शन झालं नाही. इंदूच्या अंगठ्याशेजारची दोन बोटं चार दिवसांत काळी पडली आणि काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, तुळजापूरपर्यंत अशाच चालल्या असत्या तर पाऊल राहिलं नसतं. सुमन आली. पिशवीतले बूट काढून उलटे करून बघितले, परत ठेवले. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

पुढं एका दुपारी खाटेजवळ आम्ही दोघीच होतो. मी इंदूला म्हणाले, "तुला सगळं ठाऊक होतं, तर काढलेस कशाला बूट?"

"तुमी म्हणाला की."

"देवीसाठी नाही?"

"देवी कुटं काय म्हणली होती, अक्का?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. म्हणून ते जास्त लागलं. ती शरण गेली होती, पण देवीला नाही, मला. जे देवीपाशी पोचायचं ते मी मधल्या मध्ये स्वतःकडं घेत आले होते, चाळीस वर्षं. आणि मलाच वाटत होतं की भक्ती माझी मोठी.

पुढच्या कोजागिरीला मी एकटी गेले, वापरून मऊ झालेली जुनी चप्पल घालून. बायका म्हणत होत्या, ती बाई म्हणजे देवीच, आता दिसायची नाही. ती त्याच लिंबाखाली होती, तोंडात मिश्री. मी पाया पडले तर म्हणाली, "खरा पाय धर की अव्वा, रबराचा कशाला धरतीस?" मग विचारलं, "जाऊ कशी हाय? पाय हाय न्हवं?"

"आहे. दोन बोटं गेली. नवस तिचा नव्हता, बूट मी काढायला लावले," मी म्हणाले. जे एक वर्ष आधी बोलायचं ते तेव्हा बोलले. रांगेतल्या पुढच्या बाईचा पाय तिनं मांडीवर घेतला.

देवीचा चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की त्या दिवशी माझा फोड दुखला नसता तर मी बसले नसते, आणि मी बसले नसते तर इंदू थांबली नसती. जिला कळत नव्हतं तिचं दुखणं देवीनं माझ्या टाचेत घातलं आणि मला खाली बसवलं. मी त्याच टाचेवर पाच दिवस चिडत होते. तेवढ्यासाठी मी तिच्यापुढं रोज हात जोडते. गेलेली दोन बोटं मात्र मी तिच्यावर घालत नाही. ती माझी आहेत.

आता रोज सकाळी इंदूच्या बुटात पुढं कापूस भरते, मोजा झटकून चढवते आणि नाडी बांधते. संध्याकाळी दिवा लावला की तिचा तळवा उजेडात धरून बघते, बोटांच्या बेचक्यात कोरडं करते. पहिल्या दिवशी तिनं पाय ओढून घेतला होता. "अक्का, असं करू नका. धाकटीचे पाय थोरलीनं धरायचे न्हाईत. मला पाप लागंल."

"लागू दे," मी म्हणाले. "सरळ कर पाय."

तिनं केला. अजून माझं ऐकते.