कवेलूवरचा साळा

विष्णुपंत वकिलाकडे कारकून होते, वकील नव्हते. पण जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात हे त्यांना सांगायचं कोणी? मध्यप्रांतात इंग्रज सरकारनं काढलेला प्रत्येक कायदा आपल्यालाच धरायला निघालाय, अशी त्यांची पक्की खात्री. भिकारी पायरीवरून घसरला तर दावा लावील, म्हणून हे गृहस्थ भीकसुद्धा गल्लीत जाऊन घालत!

त्या वर्षी माकडांनी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, पार उलटेपालटे केले. पंतांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी कवेलू फेरायला, म्हणजे पुन्हा नीट बसवायला, तुळशीराम मजुराला बोलावलं, तसे पंत ताडकन उठले. "थांब! मजूर पडला तर मालकानं भरपाई द्यायची, असा नवा कायदा आहे. घर विकावं लागेल!"

"मग काय छत्री लावून स्वयंपाक करू?"

पंतांनी डोकं लढवलं. मजूरच नाही तर मालक कुठला? शेजारच्या बाबारावांना साक्षीला बोलावून त्यांनी जाहीर केलं, "हा तुळशीराम मजूर नाही. हिचा मानलेला भाऊ, म्हणजे माझा साळा. मायेपोटी कवेलू फेरून राहिला. त्याला देऊ ती मजुरी नव्हे, मान!"

बाबाराव मिशीत हसले. माणूस सटकलेला दिसतो, एवढंच तुळशीरामला कळलं. सत्यवतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना भाऊ नव्हता. त्यांनी तुळशीरामला कुंकू लावलं, ओवाळलं आणि डोळे पुसत आत गेल्या.

छपरावरून तुळशीराम म्हणाला, "मालिक, बाँस सड़ गए हैं. पहले ये बदलो."

"मालिक काहून म्हणतो? जीजाजी म्हण!" पंत खालून खेकसले. "नवे बांबू काय फुकट येतात? सांभाळून चाल."

कडाड्! बांबू मोडला अन् साळा थेट अंगणात. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने हलायचं नाही, असं हाडवैद्यानं बजावलं. घरी म्हातारी आई आणि कमावता हा एकटाच. कळांपेक्षा त्या विचारानंच तुळशीराम रडला. बाईंनी ओसरीवर खाट टाकली आणि त्याच्या आईलाही आणवलं.

पंत वकिलाकडे धावले, ते नाचतच परतले. "सुटलो! घरच्या किरकोळ कामाला तो कायदा लागूच नाही. मजूर पडला तरी दमडी द्यावी लागली नसती. चलो, टांगा आणतो, पोचवून देऊ दोघांना!"

बाई तुळशीरामला भरवत होत्या. घास हातातच राहिला.

"मजूर असता तर सुटले असते तुम्ही," त्या म्हणाल्या. "हा माझा भाऊ आहे. चार माणसांत तुम्हीच सांगितलं. अन् सडका बांबू ठाऊक असून त्याला वर चालवलं, त्याची काही लाज?"

बायकोच्या निकालावर अपील करायचं कोर्ट जबलपुरात नव्हतं, नागपुरातही नव्हतं. पंतांनी मुकाट्यानं टोपी खुंटीला लावली आणि साळ्याच्या आईच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.