दहा डब्यांची गाडी आणि तीन मजले

सातपूरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. क्रेन, प्रेस, कॉम्प्रेसर, जे जे फिरतं, उचलतं किंवा दाबतं ते सगळं माझ्या ताब्यात. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं, की यांच्या हाताखालचं मशीन कधी अचानक बंद पडलं नाही. मी मान खाली घालून ऐकलं, पण आतून टम्म फुगलो होतो. घरी येऊन बायकोला ते वाक्य तीनदा ऐकवलं. ती म्हणाली, "बरं, आता हात धुऊन घ्या, पानं वाढलीयेत."

रिटायर माणसाचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं, त्याला स्वतःलाही. गंगापूर रोडला आमची जुनी बिल्डिंग, तीन मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. पहिल्या महिन्यात मी सगळ्या नळांचे वायसर बदलले, मिक्सर खोलला, पंख्यांना तेल दिलं, गॅसची नळी बदलून तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या महिन्यात घरात खोलायला काही उरलं नाही. मी नुसताच या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागलो आणि बायको काळजीत पडली. तेवढ्यात मुलाचा जपानहून व्हिडिओ कॉल आला आणि माझं म्हातारपण मार्गी लागलं.

मुलगा नुकताच तिकडे नोकरीला लागला होता. स्टेशनवर उभा राहून बोलत होता. तेवढ्यात त्याच्या मागे, पलीकडच्या रुळावर गाडी आली. चंदेरी, बाजूने निळा पट्टा, दहा डबे, आणि थांबली ती अशी, की धक्का नाही, किंचाळणं नाही, काही नाही. मी म्हटलं, "अरे, जरा बाजूला हो, चाकं दाखव." बायको माझ्या खांद्यावरून डोकावत होती. म्हणाली, "अहो, इतक्या दिवसांनी पोराचं तोंड दिसतंय, चाकं कसली बघताय!" पण पोरगं गुणी. त्याने मुकाट्याने चाकं दाखवली.

त्या दिवसापासून मी त्या गाड्यांच्या नादी लागलो. तिकडे एका जातीच्या बऱ्याच गाड्या एका सुमाराला बांधतात, अख्खा ताफाच, आणि प्रत्येक गाडीला नंबर. जपानात माझ्यापेक्षा वेडी माणसं आहेत. ती रुळाच्या कडेला कॅमेरा लावून उभी राहतात आणि आज कुठली गाडी कुठल्या मार्गावर धावली, कुणाची मोटर बदलली, कुणाच्या सीटला नवं कापड आलं, हे इंटरनेटवर लिहितात. मोबाईल ते इंग्रजीत करून देतो, मी ते मराठीत करून सकाळी जॉगिंग ट्रॅकवर सांगतो. मुलगा रोज त्याच गाडीने कामावर जायचा. तो जेवला का हे बायको विचारायची, गाडी वेळेवर होती का हे मी.

ट्रॅकवर आम्हा रिटायर लोकांचा कंपू आहे. कुणाला शुगर आहे, कुणाला सून आहे, बोलायला विषय कमी नाहीत. माझं मनापासून ऐकणारे मात्र एकच, आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहणारे गुरुजी. त्यांची सगळी नोकरी सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर गेली, तीही जीपच्या मागे लटकून. मी त्यांना समजावून सांगितलं, की तिकडे गाडी जुनी झाली म्हणून लगेच टाकून देत नाहीत. आधी तिला मेन लाइनवर जलद पळवतात. नवा ताफा आला, की हिला धीम्या मार्गावर घेतात. मग कारखान्यात नेऊन मोटरा, दारं, गाद्या सगळं नवं करतात आणि आणखी कितीतरी वर्षं चालवतात. "वय वाढेल तसं काम कमी आणि देखभाल जास्त, असा हिशेब आहे त्यांचा," मी म्हणालो.

गुरुजी म्हणाले, "आमच्या जीपला असले टप्पे नव्हते हो. पहिल्या दिवशी वीस माणसं, शेवटच्या दिवशीही वीसच. मधल्या मधे फक्त ब्रेक गेले." सगळे हसले. मी हसलो नाही. असल्या ढिसाळपणाची मला चीड आहे. आपल्याकडे नवी बस आली, की नारळ फुटतो, पुढाऱ्याचा फोटो निघतो, आणि पुढच्या सणापर्यंत सीटमधला फोम बाहेर आलेला असतो. आवाज येतोय हे ड्रायव्हरपासून पॅसेंजरपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं, आणि सगळे खिडकीबाहेर बघतात. हे मी इतक्या तावातावाने आणि इतक्या वेळा बोललो, की ज्येष्ठ नागरिक मंडळाने मला व्याख्यानच द्यायला लावलं. विषय, देखभालीचं महत्त्व.

मी कोट घातला. हॉलमध्ये खाली सतरंजी आणि मागे चार खुर्च्या. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या, आमची तेवढी मागे खुर्चीवर. मला ते जरा खटकलं, वाटलं, व्याख्यात्याची बायको म्हणून मिरवतेय. मी तासभर बोललो. बंद पडल्यावर धावत येतो तो मेकॅनिक आणि बंद पडायच्या आधी कान देतो तो मेंटेनन्सवाला, या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ झालं. आभार प्रदर्शनाच्या वेळी बघतो तर खुर्ची रिकामी. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "शेवटपर्यंत बसवलं नाही का तुला?" ती म्हणाली, "जिना चढायला मला वेळ लागतो, म्हणून पुढे निघाले." मी म्हणालो, "निदान श्रीफळ तरी न्यायचंस वर."

तेव्हा घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, नुसतंच दिसत होतं. ताफा मेन लाइनवरून धीम्या मार्गावर आला त्या सुमाराला हिने संध्याकाळचं फिरणं बंद केलं. म्हणाली, रहदारी फार वाढलीय. मला पटलं, गंगापूर रोडची रहदारी कुणालाही पटते. सीटना नवं कापड आलं तेव्हा ही खुर्चीवर बसून पूजा करायला लागली. मग पोळ्या डायनिंग टेबलावर बसून लाटायला लागली. मी ट्रॅकवर कौतुकाने सांगितलं, की आमच्या हिने किचन मॉडर्न केलं. जिना उतरताना ती कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची आणि मी खाली स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचो. हो, वाजवायचो. आता लाज वाटते, तेव्हा घाई वाटायची. एकदा ती म्हणालीसुद्धा, "गुडघे फार कुरकुरतात हो." मी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणालो, "तेल लाव."

यंदा हिवाळ्यात बातमी आली. ताफ्यातल्या बहुतेक गाड्या एव्हाना मोडीत निघाल्या होत्या, काही दुसऱ्या देशात गेल्या होत्या. उरलेल्या दोन-तीन गाड्यांचे मधले डबे काढून त्या चार-चार डब्यांच्या केल्या होत्या आणि डोंगरात जाणाऱ्या एका छोट्या फाट्याच्या लाइनवर चालवत होते. त्याही आता वसंतात बंद होणार होत्या. शेवटच्या फेरीला तिकडे लोक निरोप द्यायला जमतात, म्हातारी माणसं गाडीपुढे वाकून नमस्कार करतात. मी त्याच दिवशी मुलाला फोन केला, "आम्ही येतोय." त्याला वाटलं, त्याला भेटायला येतोय. तो इतका खूश झाला, की मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. बायको तर दुसऱ्या दिवसापासूनच चिवडा, लाडू, मेतकुटाच्या मागे लागली. व्हिसा झाला, तिकिटं आली, नवी बॅगही आली.

जायला महिना राहिला होता. सकाळी ही भाजी आणायला खाली गेली होती. मी त्या फाट्यावरचं थेट चित्रण बघत होतो. चार डबे, दोन्ही अंगांना रिकामी भातखाचरं, मागे डोंगर, हुबेहूब सुरगाणा. मध्येच हिचा फोन आला. फोन आला, की चित्र थांबतं. मला वाटलं, मेथी आणू का पालक विचारत असणार. मी कट केला. परत आला, परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा "काय कटकट आहे!" असं मोठ्याने म्हणून कट केला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणालो.

पाऊण तासाने बेल वाजली. दारात गुरुजी, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने हिचा दंड धरलेला. ही घामाने भिजलेली, ओठ घट्ट आवळलेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा अडकला होता. वर येता येईना, खाली जाता येईना, म्हणून तशीच पायरीवर बसून राहिली. गुरुजी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला निघाले होते, त्यांना ती दिसली. ते मला एवढंच म्हणाले, "वहिनी फोन करत होत्या तुम्हाला."

"रेंज नव्हती," मी म्हणालो. टेबलावर मोबाईलमध्ये गाडी चालू होती, आवाजासकट. बायकोने ती बघितली, गुरुजींनीही बघितली. मी पिशवी घेतली आणि उगाचच भाजी फ्रिजमध्ये लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन हाडांच्या मध्ये जिथे फट दिसायला हवी तिथे फटच नव्हती. हे त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं. झिजलेलं बेअरिंग ओळखण्यात माझी हयात गेली होती. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही गुडघे बदलावे लागतील. फार उशीर केलात. असंच चालू ठेवलं तर वर्षभरात घराबाहेर पडणं बंद होईल. त्रास कधीपासून आहे?"

मिक्सरचं कपलिंग कधी बदललं हे मी त्यांना तारखेसकट सांगितलं असतं. "झालं असेल वर्ष," मी म्हणालो.

"सात वर्षं," ती म्हणाली.

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे ती शेवटची फेरी होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात आम्हाला जपानला जायचंय. एखादं इंजेक्शन देऊन महिनाभर ढकलता येईल का?"

"इंजेक्शनने दुखणं दबेल," डॉक्टर म्हणाले. "आतलं घासणं थांबणार नाही. तिकडे चालणं, जिने, आणि पडल्या तर आणखी पंचाईत. मी देणार नाही असं नाही, पण मी सुचवणार नाही. तुम्ही ठरवा."

मी लगेच हिच्याकडे वळलो. "मुलगा वाट बघतोय गं," मी म्हणालो. हो, मी मुलाला पुढे केलं.

"मुलगा काही भंगारात निघालेला नाही," ती म्हणाली. "तो पुढच्या वर्षीही तिथेच असेल."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. ते कागद चाळायला लागले. ती माझ्याकडे न बघता, मांडीवरची पर्स नीट करत बोलत राहिली. "एकदा तुम्ही कारखान्यातून आलात आणि जेवला नाहीत. आठवतं? क्रेनची साखळी झिजली होती. साहेब म्हणत होते, महिनाभर ढकला, एवढा माल जाऊ दे. तुम्ही म्हणालात, खाली माणसं उभी असतात, मी सही करणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे. मी आमटी दोनदा गरम केली, तुम्ही नुसते येरझाऱ्या घालत होतात. मला इतका अभिमान वाटला होता हो तुमचा. कुणाच्याही दबावाला बधत नाहीत म्हणून मी सगळ्यांना सांगत होते." मग तिने वर बघितलं. "आज कुणाचा दबाव आहे तुमच्यावर?"

ती रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडायला मला वेळ लागत नाही. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे एकही नाव नव्हतं. साहेब नव्हता, माल नव्हता, कुणी घाई करत नव्हतं. त्या खोलीत मला इतकं लाजिरवाणं वाटलं, की एक्स-रेकडेसुद्धा बघवेना. "नको इंजेक्शन," मी म्हणालो. मी खुर्ची मागे सरकवली.

"मग उद्यापासून तपासण्या सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनला सोमवार चालेल, की गुरुवार?"

"सोमवार," मी म्हणालो.

"गुरुवार करा डॉक्टर," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत यांना कुकर लावायला शिकवून व्हायचं नाही."