ओझेलाच्या ओळी

कापूस पिकवणाऱ्या डेल्टातल्या आमच्या गावात ईस्टरच्या रविवारी प्रत्येक काळ्या पोराला चर्चमध्ये उभं राहून चार ओळी म्हणाव्या लागत. तोतरं असो, लाजरं असो, कुणाची सुटका नसे. त्या ओळी लिहायची ओझेला ग्रेव्ह्ज, आणि हे चर्चमध्ये एकट्या ब्रदर टॉलिव्हरला ठाऊक होतं. कार्यक्रम तोच बसवायचा. बाकी सगळ्यांची समजूत अशी, की ओळी मेम्फिसहून येणाऱ्या छापील पुस्तकातून तो उतरवून देतो.

ओझेला इस्त्रीवाली. गोऱ्या जमीनदाराचे, कॉर्बिनसाहेबाचे, शर्ट तिच्याकडे यायचे आणि ती राहायची तेही कॉर्बिनच्याच जमिनीवरच्या घरात. इस्त्री करता करता ती ओळी जुळवायची, मग पुड्याच्या कागदावर ठसठशीत अक्षरांत उतरवायची. तिच्या ओळींत त्या त्या पोराचं नाव असायचं, त्याचा कुत्रा, त्याचे पडलेले दात. शाळेत पोरांना मिळायची ती गोऱ्यांच्या शाळेतून फाटून आलेली पुस्तकं, आणि त्यांत या पोरांसारखं एकसुद्धा पोर नसायचं. किती तरी जणांनी वाचायला सुरुवात केली ती ओझेलाच्या कागदावरून. आणि एकानंही कधी विचारलं नाही, की बाई, हे लिहितं कोण! मला याचा अजून राग येतो. तिला यायचा की नाही, कोण जाणे. ती हसून सोडून द्यायची.

त्या वर्षीचा हिवाळा मात्र वाईट गेला. डेल्फीन नावाच्या सात वर्षांच्या पोरीचा काका कोर्टात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला, आणि त्याच आठवड्यात त्याचा गोठा जळाला. तो बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला. त्यानंतर कोर्टाचं नाव कुणी काढेना. रस्त्यावर गोऱ्यांची मोटार हळू झाली की बाया पोरांना आत ओढायच्या.

आणि अशा दिवसांत ओझेलानं डेल्फीनसाठी लिहिलं:

नाव माझं डेल्फीन अन् उंची माझी एवढी,
कापसाच्या झाडापेक्षा थोडी कमी, तेवढी.
आज नव्या बुटांत इथं भाषण करून जाईन,
मोठी होऊन कोर्टामध्ये नाव माझं देईन.

ब्रदर टॉलिव्हरनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. “सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे ना? कॉर्बिनच्या कानावर गेलं तर डोक्यावर छप्पर राहायचं नाही तुझ्या.”

“चर्चमध्ये आपलीच तर माणसं असतात,” ओझेला म्हणाली. “तिथंसुद्धा कुजबुजायचं का?”

ईस्टरला चर्च गच्च भरलं. टोप्या, फिती, नवे बूट, पावडरीचा वास. पहिल्या दोन पोरांचं म्हणून झालं आणि मागचं दार उघडलं. कॉर्बिनसाहेब आत आला, त्याच्या मागे त्याचा मुकादम. दोघं शेवटच्या बाकावर बसले. साहेबानं हात हलवला, चालू द्या म्हणून. पंख्यांनी वारा घेणारे हात थांबले.

 ओझेला वाकून पुढच्या बाकापाशी गेली आणि डेल्फीनच्या कानाशी लागली. “बाळा, बुटांची ओळ झाली की थांबायचं. शेवटची म्हणायची नाही. मान वाकवून खाली बसायचं.”

“पण मला येते ती!”

“ठाऊक आहे गं. आज नाही म्हणायची.”

पोर गुणी. उभी राहिली, खणखणीत आवाजात तीन ओळी म्हणाली आणि मान वाकवली.

आता आमच्या चर्चची रीत अशी, की अडलेल्या पोराला तसंच खाली बसू द्यायचं नाही. सगळे टाळ्या वाजवतात, धीर देतात, ओळ सांगतात, आणि पोर पूर्ण म्हणूनच बसतं. चर्चमधली सगळ्यांत थोर बाई म्हणजे मदर बीसन. डोळ्यांनी अधू. मागे कोण येऊन बसलंय ते तिला दिसलं नव्हतं, आणि आठवडाभर डेल्फीननं तिच्याच ओसरीवर पाठ केलं होतं.

“असू दे गं सोने, घाबरू नको!” मदर ओरडली. “एकच राहिली की! मोठी होऊन कोर्टामध्ये... हं, म्हण पुढं!”

सवयीनं दोन-चार बायांनी टाळ्या वाजवल्या. ओझेला मान हलवत होती, नको, नको. पण मदर बीसनचा शब्द मोडायची कुणाची छाती होती? डेल्फीननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि म्हणून टाकलं.

“मोठी होऊन कोर्टामध्ये नाव माझं देईन.”

टाळ्या तिथंच विरल्या. कॉर्बिन उठला आणि टोपी हातात फिरवत मधल्या वाटेनं पुढं आला.

“झकास म्हटलंस,” तो म्हणाला. “कुणाचं हे?”

“पुस्तकातलं, साहेब,” ब्रदर टॉलिव्हर घाईनं म्हणाला. “मेम्फिसहून येतं.”

“अस्सं? आणि मेम्फिसवाल्यांना डेल्फीनचं नाव कळलं होय?” मुकादम मागून खिदळला. साहेब पोरीपुढं गुडघ्यावर बसला. “तू शहाणी आहेस. तूच सांग. तुझ्या बापानं लिहिलं?”

डेल्फीनचा बाप कॉर्बिनच्याच शेतावर राबणारा. तो बाकाची कड घट्ट धरून बसला होता. पोर बापाकडं पाहायला लागली.

“मी लिहिलंय,” ओझेला उभी राहून म्हणाली.

“तू? शर्टवाली?”

“होय साहेब. हेच नाही, सगळंच. दर ईस्टरचं.”

बाकांवरच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. त्यांतल्या कितीतरी जणांनी लहानपणी तिच्या ओळी म्हटल्या होत्या. आज त्यांना कळलं, आणि ते विचारलं कुणी, तर कॉर्बिननं.

साहेब उठला, गुडघा झटकला. “शर्ट आता पाठवत नाही. घरसुद्धा लागेल मला,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. “आणि जपून जा हं, ओझेला. रस्ता लांबचा आहे, मध्ये वस्तीही नाही.”

दोघं बाहेर गेले. मोटारीची दारं आपटल्याचं ऐकू आलं. ओझेला उभीच राहिली. ब्रदर टॉलिव्हरनं कपाळ पुसलं. कार्यक्रम तिथंच गुंडाळायचा, असं बहुतेकांना वाटलं. त्यानं घसा साफ केला.

“आता म्हणेल रूफस हेअरस्टन,” तो म्हणाला. पुढचं त्यानं मोठ्यानं म्हटलं. “लिहिणारी, आपली सिस्टर ओझेला ग्रेव्ह्ज.”

रूफस म्हणायला लागला. सगळे ऐकत होते, आणि सगळ्यांचे कान बाहेर होते. मोटार सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.