पार्बताचं धान आणि चिचगडचा लाल दिवा

ज्यानं चिचगडच्या वाटेवर तो लाल दिवा लावला, त्यानं माझ्या पणतीचं बारसं बुडवलंच होतं. हे आधी ऐका, रामराम मग.

आमच्यात बाळाच्या कानात नाव घरातल्या थोरलीनं सांगायचं, म्हणजे मी. वेळ दुपारी बाराची. बारसं चिचगडला, म्हणून सौंदडहून सकाळचीच एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट आहे, सोडू नका. देवरीला पोहे खा, वर तर्री मागून घ्या, मागितल्याशिवाय हात सैल होत नाही त्यांचा. पुढं चिचगडची जीप, भरली की सुटते. खिडकीशी बसा. मधे बसलात तर जंगल नाही, शेजाऱ्याचा खांदा दिसेल.

दोन आंधळ्या वळणांच्या मधे ओढ्यावरची अरुंद मोरी आहे. अलीकडच्या वळणाआधीच जीप थांबली. दिवा लाल.

"रस्ता हुशार हाये, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "मोरीवरच्या डांबरात असं काई टाकलं हाये का वजन पडलं की त्याले समजते. मोरीवर गाडी असन तं दोन्हीकडं लाल."

"मंग गाडी कुठी हाये?"

"येऊन राहिली असन."

अर्धा तास ती येऊनच राहिली. मागं ट्रक, ट्रॅक्टर लागले. कोणी शेंगा वाटल्या. अकरा वाजून गेले तशी मी उतरले.

"आजी, लाल हाये!"

"माह्यावर नंबर प्लेट दिसते का तुले?"

वळणापलीकडं गाडी कुठली! मोरीभर धान वाळत घातलेलं, मधे पोत्यांची थप्पी, आणि पार्बता नावाची बाई निवांत पायानं धान फिरवत होती. तिकडच्या वळणामागंही रांग.

"अवं बाई, तुह्या पोत्यायले रस्ता गाडी समजून राहिला!"

"मले काय मालूम? धान घातल्यापासून एकबी गाडी नाई आली, म्हनलं देव पावला!"

हसून हसून मी मोरीवरच बसले. मग दोन्हीकडच्यांना हाका मारल्या. ट्रकवाल्यानं खराटा धरला, ड्रायव्हरनं पोती उचलली, मी पोत्याचं तोंड धरून सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटचं पोतं हललं अन् दिवा हिरवा! टाळ्या पडल्या.

बाराला पाच कमी असताना पोहोचले. नाव सांगितलं, घुगऱ्या खाल्ल्या, संध्याकाळी घरी.

दिवा वाईट नाही. त्या वळणांवर आधी टकरा व्हायच्या. पण मोरीवरून निघताना पार्बतानं विचारलं, "आता वलं धान कुठी वाळवू, माय?"

तुम्ही कोणी खाली कमेंटमध्ये शहाणपण लिहू नका. ज्या साहेबानं ते डांबर टाकलं, त्यानंच उत्तर द्यावं. मला नाही, पार्बताला. मोरीवर उभं राहून, उन्हात.