तीन मिनिटांत शंभर फेरे

एल.पी. रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. हे गणित मी स्वतःच मांडलं, आणि मांडलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे अनेकदा वाटलं. रेकॉर्डच्या लेबलवर पांढऱ्या कागदाचा कपटा चिकटवायचा, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवायचं आणि कपटा किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. आमच्या सिंदी मेघेच्या घरी कापसाच्या हंगामात रोज संध्याकाळी चौऱ्याण्णव यायचे. कधी त्र्याण्णव.

सहा फेरे कमी म्हणजे फार काही नाही, असं कोणीही म्हणेल. पण मी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून होतो. कापसाच्या शंभर किलोला सहा किलो कमी भरले असते, तर कापूस घेऊन येणाऱ्या बंडीवाल्यांनी मला त्याच काट्याला टांगलं असतं. वजनाच्या बाबतीत मी कोणाला पाव किलोचं बोलू दिलं नव्हतं. आणि घरी स्वतःच्या बैठकीत मला रोज सहा टक्के कमी मिळत होते.

जॅझ मी पहिल्यांदा ऐकलं ते नागपूरला, अजनीत, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. नोकरी लागण्याआधी वर्षभर मी तिथे एका खोलीत राहत होतो. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होते. दर रविवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून रेकॉर्ड लावायचे. मी एकदा दारात उभा राहून ऐकत होतो, तर त्यांनी खुर्ची सरकवली. ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरत होते, सुपात तूर पाखडावी तसा आवाज. त्यावर एक सॅक्सोफोन, बोलता बोलता मध्येच थांबून विचार करणाऱ्या माणसासारखा. मी मध्ये काहीतरी विचारलं, तर ते म्हणाले, “बाबू, पूरा साइड सुनो। बीच में बोलना नहीं, बीच में सुई उठाना नहीं। आधा सुना तो सुना ही नहीं।”

मुलाकडे परदेशी कायमचे जाताना त्यांनी मला अकरा रेकॉर्ड दिल्या. पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, की नीट ऐकत जा.

ते मी मनावर घेतलं. आणखी सात-आठ मी नागपूरच्या जुन्या बाजारातून जमवल्या. त्यासाठी कित्येक रविवार पायपीट केली आणि बहुतेक वेळा हात हलवत परत आलो, कारण लोकांकडे भजनं आणि सिनेमाची गाणी असायची. पण ज्या दिवशी एखादी मिळे, त्या दिवशी परतीच्या पॅसेंजरमध्ये ती मी मांडीवर धरून बसायचो, खिडकीच्या उन्हापासून वाचवत. घरी आल्यावर कव्हरमधून ती अलगद काढणं, फक्त कडेनं धरणं, मलमलच्या फडक्यानं आतून बाहेर पुसणं आणि मग पिन टेकताना होणारी ती बारीक खरखर. गाणं सुरू व्हायच्या आधीच माझा निम्मा आनंद होऊन जायचा. उरलेल्या निम्म्याचाच सगळा त्रास होता.

पहिल्या हंगामातच मला जाणवलं की अजनीतला सॅक्सोफोन आणि माझ्या घरातला सॅक्सोफोन एक नाही. माझा सुस्त होता, जेवून उठल्यासारखा. भजनी मंडळाच्या पेटीवर सूर लावून पाहिला. अजनीत ऐकलेला सूर काळी एकचा असेल, तर माझा पांढरी एकला उतरलेला. मग ते फेरे मोजणं आलं. कव्हरवर रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची लांबी बावीस मिनिटं छापलेली, आणि माझ्याकडे ती चालायची तेवीस मिनिटं चोवीस सेकंद.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं घरी येऊन प्लगमध्ये मीटरच्या तारा खुपसल्या आणि हसला. दोनशे तीस व्होल्टच्या जागी एकशे सत्तर. “तुमच्या पलेयरले काई झालं नाई,” तो म्हणाला, “तुमची जिनिंग लाईन ओढून राह्यली. त्या मोठ्या मोटारी चालू झाल्या का साऱ्या मोहल्ल्याचे बल्ब लाल होतेत, दिसत नाई काय तुम्हाले?”

दिसत होतं. पण दिवसभर ज्या कापसाचं वजन मी स्वतः लिहून घेत होतो, तोच संध्याकाळी माझी रेकॉर्ड मंद करतो, हे डोक्यात आलं नव्हतं. स्टॅबिलायझर बसवला. तो दर अर्ध्या मिनिटाला आत कट-कट करायचा आणि तो आवाज स्पीकरमधून यायचा. काढून टाकला. हंगाम संपला की जिनिंग बंद, पण तोवर घरोघरी कूलर सुरू. पावसाळ्यात लाइटच नसायची. रविवारी सकाळी लावावं म्हटलं, तर हंगामात जिनिंगला रविवार नव्हता आणि मलाही नव्हता. वर्षाचे बारा महिने मी कागदावर मांडून पाहिले. शंभर फेरे मिळतील असा महिना सापडला नाही.

बायको सुरुवातीला वैतागायची. “हा मानूस रडून राह्यला का गाऊन राह्यला?”

“गाऊन नाही, वाजवून.”

“मग कोनीतरी त्याले सांगा, घरी जाय म्हना. पोरीले झोप येऊन राह्यली याच्यानं.”

समोर किराणा दुकान असलेले काका दुकानाच्या पायरीवरून विचारायचे, “काय भाऊ, बँडवाल्यायचं आजबी जमलं नाई वाटते?” मी त्यांना फेऱ्यांचं समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हंजे भाऊ, सहा फेरे वाढले का हे बरं वाटन, असं म्हनता?” त्यानंतर मी कोणाला समजावलं नाही.

ऐंशीच्या दशकातल्या एका मार्चमध्ये अखेर मला तो दिवस सापडला. धुळवड. जिनिंगचे मजूर गावी जातात, मोटारी बंद. कूलर अजून कोणी माळ्यावरून उतरवलेले नसतात. सारा मोहल्ला बाहेर रंगात असतो. बावीस मिनिटं मला कोण विचारणार? पोरगी मैत्रिणींकडे गेली. मी दार लावलं, कडी घातली, खिडक्याही ओढून घेतल्या. ड्रायव्हर साहेबांची पहिली रेकॉर्ड काढली, पुसली, कपटा चिकटवला, घड्याळ समोर ठेवलं.

शंभर. तीन मिनिटं झाली आणि बरोबर शंभर. पुन्हा मोजले. पुन्हा शंभर. मी कपटा काढला, पिन पहिल्यापासून लावली आणि खुर्चीत ताठ बसलो.

सूप तेच होतं, पण पाखडणारी कोणी घाईची बाई होती. सॅक्सोफोन वर चढलेला, चुरचुरीत. तो थांबून विचार करायचा त्या जागा येऊन निघून जात होत्या. मी तिथे पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. मी स्वतःला बजावलं, हेच बरोबर आहे, अजनीत हेच होतं, आता कानाला सवय होईल.

स्वयंपाकघरातून बायको पुरणाच्या हातानं दारात आली. “आज काऊन घाई करून राह्यला हा?”

मी हातानं गप्प राहायची खूण केली. चौदा मिनिटं झाली होती. आणि दारावर थाप पडली.

थाप धुळवडीची नव्हती. हळू होती, बोटांच्या पेरांनी दिलेली. मी उठलो नाही. ती पुन्हा आली, आणि बायकोनं जाऊन कडी काढली. बाहेर किराणावाले काका आणि मोहल्ल्यातले तिघे उभे. तोंडं रंगलेली, पण हात धुतलेले. काकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

“वहिनी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “आंजीहून काई निरोप आला काय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो ते. आमच्याकडे धुळवडीला दार बंद म्हणजे घरात सुतक. ते घर रंग खेळत नाही. मग चार शेजारी हात धुऊन जातात, थोडं बसतात, आणि उठताना कपाळाला चिमूटभर गुलाल लावून शोक उतरवतात. माझे वडील आंजीला होते, थकलेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात कडी लावलेली, खिडक्या बंद आणि आतून हे बाजं.

“बाबा चांगले हायेत,” बायको म्हणाली. “आतापरेंत रंगानं भिजले असतीन. हे गाणं ऐकून राह्यले.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी डोक्यावर ठेवली. “बाप्पा! आन् आमी तिकडं पिचकाऱ्या ठेवून आलो ना भाऊ!” मग चौघांनी मिळून मला जे धरलं ते सोडलं नाही. सुटकेचा राग असतो तसा त्यांचा हात जड होता. कोणाचा तरी धक्का टेबलाला लागला, पिन किंचाळत आत गेली आणि गुलालाची अख्खी मूठ फिरत्या रेकॉर्डवर पडली. ती फिरतच राहिली, गुलाबी, बरोबर वेगानं. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. माणूस गेला समजून आले होते.

तो गुलाल पूर्ण निघाला नाही. मलमल, ओलं फडकं, मऊ ब्रश, सगळं करून झालं. खाचांमध्ये अजून गुलाबी रेघ आहे आणि त्या जागी खरखर येते. बावीसपैकी चौदा मिनिटं. ड्रायव्हर साहेबांच्या हिशेबानं मी काही ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिनिंगचा भोंगा झाला, बल्ब लाल झाला. किती बिघडली ते बघावं म्हणून मी तीच बाजू लावली. बायको तूर निवडायचं ताट घेऊन बैठकीत आली. इतक्या वर्षांत ऐकायला म्हणून ती कधी बसली नव्हती. पूर्ण बाजू होईपर्यंत बोलली नाही. खरखरीच्या जागी तिचा हात थांबायचा, मग पुन्हा चालायचा.

पिन उचलली तेव्हा ती म्हणाली, “आज बराबर वाजवलं त्यानं.”

मी लावण्याआधी मोजले होते. त्र्याण्णव. तो आकडा तिला सांगावा की सांगू नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.