पाहणीसाठी साफ केलेली टेकडी

पेडण्याच्या किनाऱ्यावर माझे घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक टेकडी आहे. तिच्या आडोशानेच माझी विहीर गोड्या पाण्याची राहिली आहे. टेकडीवर टोचऱ्या पात्यांचा लव्हाळा वाढतो. अनवाणी माणूस त्याला शिव्या देतो. पण त्याचीच खोडे वाळूखालून दोरीसारखी धावतात आणि टेकडीला बांधून ठेवतात. शेजारच्या शॅकवाल्याला, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलवाल्याला, ती सपाट करून पर्यटकांसाठी खाटा मांडायच्या होत्या. हिरवळ धरलेल्या टेकडीला हात लावता येत नाही, या एका मुद्द्यावर मी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. अखेर पाहणीचा आदेश निघाला.

पाहणीच्या सकाळी नकाशा काखोटीला मारून मी पोहोचलो. टेकडी नवरदेवाच्या गालासारखी तुळतुळीत होती.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

आमच्या प्रभागाच्या पंच बाई, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सदस्या, खराटा टेकवून उभ्या होत्या. "काका, साहेब येतले म्हणून आमीच केलां. बायकांनी फाटेपासून तण काडलां. गावाचें नांव खराब होवंक नको न्हय?"

"तण? पुरावा होता तो माझा!"

"गणेशचवथीक आमी तुमच्या अंगणातलें तण काडलें, तेन्ना कसो पुरावो आठवूंक ना?"

निरीक्षक तरुण होते. त्यांनी शांतपणे लिहिले: मोकळी वाळू, वनस्पती नाही. खोडे खाली जिवंत आहेत, हातभर खणून पाहा, असे मी बजावले.

"आजोबा, इथं वाळू खणायला बंदी घाला, हा अर्ज तुमचाच ना?"

कुंपणाशी उभा असलेला शॅकवाला खोकल्यासारखे हसला. मी हरकत नोंदवून सही केली.

त्यानंतर मला घरात बसवेना. अर्धा चहा टाकून, भर उन्हात, पुन्हा तिन्हीसांजेला मी टेकडीवर जात असे. वाळू वाऱ्याने सरकत होती आणि तिला धरणारे वर काहीच दिसत नव्हते.

"काका, काय हरवलां?" पंच बाईंनी एकदा विचारले.

"कोंब!" मी खेकसलो.

एका सकाळी ते दिसले. हिरवी टोके, एका सरळ ओळीत, माझ्या विहिरीच्या बाजूने निघून थेट शॅकच्या कुंपणाखाली गेलेली. पंच बाई वाकल्या, सवयीने त्यांचा हात पुढे झाला, आणि माझा चेहरा पाहून मागे आला.

"हें उरूं दिवचें?"

"उरू द्या. हात लावलात तर तुमच्यावरही अर्ज करीन."

त्याच दुपारी मी फेरपाहणीची मागणी केली. निरीक्षक महोदयांनी सत्वर यावे, असे लिहिले. मात्र येण्यापूर्वी कृपया गावाला कळवू नये.